अमेरिकन शिपायाचा तिरका खिसा

त्या दिवशी म्हैसुरात इतकं धुकं होतं, की चामुंडी टेकडी कुणी घडी घालून कपाटात ठेवली की काय असं वाटावं. पौषातली सकाळ. अशा उजेडात शिंप्याचं काही चालत नाही. दिवा लावला तरी काळ्या कापडावर काळा दोरा दिसत नाही. म्हणून मी मशीन बंद ठेवून नुसता बसलो होतो. दहाच्या सुमारास धुकं जरा उठलं आणि त्यातून एक उंच गोरा माणूस स्कूटरवरून उतरला. काखेत जाडजूड आल्बम!

त्या दिवसापासून आमच्या दुकानात किस्से साठायला लागले. मशीनखाली कतरण साठते तसेच ते. रोज वाटतं, उद्या झाडून टाकू. आणि एक दिवस बघावं तर चांगली गोधडी होईल एवढा ढीग! आता झाडून टाकवत नाही, म्हणून लिहून काढतो. शाळा माझी दुसरीपर्यंतच. देवळातल्या भजनाच्या वहीवरून अक्षर जमलं. तेव्हा सावकाश वाचा, मीही सावकाश लिहितो आहे.

माणसाचं नाव डेव्हिड. अमेरिकेचा. म्हैसुरातल्याच गोकुलम भागात योग शिकायला आला होता. त्याचं इंग्रजी आम्हाला कळेना, म्हणून आमच्या गल्लीतल्या जोशी सरांना बोलावलं. सर कॉलेजात इतिहास शिकवून रिटायर झालेले. त्यांनी ऐकून घेतलं, चष्मा पुसला, पुन्हा ऐकलं, आणि म्हणाले, "मामा, यांच्या गावात दर उन्हाळ्यात खोटी लढाई होते. मोठमोठी माणसं जुन्या महायुद्धातले शिपाई बनून शेतात पळतात."

"कशाला?" माझा मेहुणा पांडू म्हणाला. तो आणि मी मिळून दुकान चालवतो.

"सुम्ने! उगीच, हौस म्हणून. पण गेटवर एक माणूस उभा असतो. तो प्रत्येकाचा कोट जुन्या फोटोंशी ताडून बघतो. शिवण चुकली, खिसा चुकला, की घरी परत! याला दोन वेळा परत पाठवलंय. तिसऱ्यांदा परत पाठवलं की यादीतून नाव कायमचं काढतात."

डेव्हिडने मान खाली घातली. सहा फूट माणूस, नापास झालेल्या मुलासारखा उभा! मी आल्बम उघडला. पानापानावर अमेरिकन शिपाई. कुणी झाडाला टेकलेला, कुणी जीपवर, कुणी डब्यातलं खाताना. विमानातून उडी मारणाऱ्या पलटणीचा कोट त्याला हवा होता. फोटोत आहे तसाच, धाग्याचाही फरक नको.

"होईल म्हणा सर," मी म्हणालो. तिथे चुकलं!

०००

पहिल्या दिवशी माप घ्यायचं ठरलं. छातीवर टेप टाकली. पांडू वही घेऊन उभा.

डेव्हिडने श्वास घेतला. टेप सरकायला लागली. बेचाळीस, त्रेचाळीस...

"भाऊजी, लिहू काय?"

"थांब रे, अजून आत जातोय."

सेहेचाळीसला थांबला. मग सोडायला लागला. तोही एक लांबलचक कार्यक्रम! एकोणचाळीसवर आला. मध्ये शेजारच्या देवळाची आरती संपली.

सर म्हणाले, "त्याला म्हटलं नेहमीसारखा श्वास घे. तो म्हणतो, गोकुलमला आल्यापासून हाच नेहमीचा."

आता कुठलं माप धरायचं? सरांनी आल्बममधले शिपाई भिंगातून बघितले, श्वास आत आहे की बाहेर ते कळतं का म्हणून. नाही कळलं. शेवटी मी मधलं धरलं.

"म्हणजे अर्धा श्वास," पांडू वहीत लिहीत म्हणाला. "सर, अर्ध्या श्वासावर लढाई जिंकता येते?"

सर गंभीरपणे म्हणाले, "बघून सांगतो."

०००

भिंगाचं सांगायचं राहिलं. ते समोरच्या घड्याळवाल्याकडून एका दिवसासाठी आणलं होतं. ते सरांनी अजून परत दिलेलं नाही. रोज सकाळी कॉफी पिऊन यायचे, डाव्या डोळ्यावर हात, उजव्यावर भिंग. एका इंचात टाके किती, शिवण एकेरी की दुहेरी, मी विचारायचं आणि त्यांनी मोजायचं.

एकदा ओरडले, "मामा! कॉलरच्या टोकाला भोक आहे! एकाच बाजूला!"

मी बघितलं. खरंच, बारीक गोल काळं भोक. पांडू म्हणाला, दोरी ओवायला असेल. सरांनी मग अर्धा तास समजावलं. विमानातून उडी मारली की वारा लागतो, कॉलर तोंडावर फडफडते, म्हणून ती दोरीने बांधायची. एकाच बाजूला का, तर दुसरा हात छत्रीच्या दोरीला असतो! इतकं पटलं, की मांजरपाटाचा नमुन्याचा कोट केला होता त्याच्या कॉलरला मी तसलं भोक पाडून हाताने गोल काज केलं. फार नाजूक झालं होतं.

डेव्हिड बघून चाट पडला. "हे तर कुठल्याच पुस्तकात नाही!"

"कुठल्याच पुस्तकात नाही!" सरांनी आम्हाला मराठीत सांगितलं आणि आनंदाने त्याचा हात हातात घेतला.

दोन दिवसांनी आल्बमवर धूळ बसली म्हणून मी ओल्या फडक्याने तो फोटो हलकेच पुसला. भोक फडक्यावर आलं!

सरांना फडकं दाखवलं. त्यांनी भिंग लावलं. फडकं उलटसुलट करून बघितलं.

"माशी," म्हणाले.

"माशीच," मी म्हणालो.

"मामा, डेव्हिडला आताच सांगू नका. वाईट वाटेल."

पण गेटवरच्या माणसाचा प्रश्न होता. संध्याकाळी डेव्हिड आला तेव्हा मी सरांना सांगायला लावलंच. डेव्हिडने फडकं बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि हळूच काहीतरी म्हणाला.

"काय म्हणतो?"

सर म्हणाले, "भोकावर लेख लिहून त्याने कालच अमेरिकेला पोस्ट केलाय."

०००

आता तिरक्या खिशाचं.

या कोटाच्या छातीवर दोन मोठे खिसे, आणि दोन्ही तिरके! आमच्या हाताखालून आजवर किती खिसे गेले असतील, पण सरळ. खिसा तिरका झाला की आमचे वडील कानफटात देत. पांडूने तर साफ सांगितलं, "भाऊजी, लढाईच्या घाईत शिवलंय. चुकलंय त्यांचं. आपण सरळ लावू."

"एकाचा चुकेल," मी म्हणालो, "आल्बममधल्या सगळ्यांचा कसा चुकेल?"

"एकच शिंपी असेल!"

मी वाद घातला नाही. नमुन्याचा कोट अंगात घातला, दोन्ही खांद्यांवरून पिशव्यांचे पट्टे घेतले, फोटोतल्यासारखे, आणि खिशात हात घालून बघितला. सरळ खिशात पट्टा आडवा येतो. तिरक्यात हात आपोआप जातो! पांडूलाही घालून बघायला लावलं. दोनदा हात घातला, तीनदा घातला. मग वहीत लिहिलं, 'खिसे तिरके.'

तो कोट दुकानाबाहेर खुंटीला लावला होता. हिनकलहून सायकलवर दूध आणणारा आमचा दूधवाला थांबला. त्याने खिशाकडे बघितलं. हँडल न सोडता हात घालून बघितला.

"टेलर मामा, हे बरं आहे की! सायकल चालवता चालवता सुट्टे काढता येतील. माझ्या शर्टाला लावून द्या."

दिले लावून. आठवड्यात त्याचा भाऊ आला. मग मेहुणा. मग हिनकलच्या रस्त्याने येणारे सगळेच! महिनाभराने डेव्हिड पहाटे योगाच्या वर्गाला निघाला, तर धुक्यातून एकामागून एक सायकली येताहेत आणि प्रत्येकाच्या छातीवर अमेरिकन पलटणीचे खिसे!

बिचारा रस्त्याच्या कडेला सावधान उभा राहिला.

०००

रंगाचा घोळ सगळ्यात मोठा. फोटो काळे-पांढरे. कोट हिरवट आहे एवढं सगळ्यांना माहीत. पण हिरवट म्हणजे कुठला? मी कापडाच्या दुकानातून सात तऱ्हेचे हिरवे तुकडे आणले. शेवग्याच्या पाल्यापासून ते पावसाळ्यातल्या भिंतीवरच्या शेवाळापर्यंत सगळे.

सरांना युक्ती सुचली. कोपऱ्यावर जुना फोटो स्टुडिओ. त्याच्याकडे काळ्या-पांढऱ्याचा रोल अजून होता. "आपण या सातही तुकड्यांचा काळा-पांढरा फोटो काढू," सर म्हणाले. "ज्याचा करडा रंग शिपायाच्या कोटाशी जुळेल, तो खरा!"

आम्हा सगळ्यांना हे फार पटलं. स्टुडिओवाल्याने तुकडे एका ओळीत टाचले, नवरा-नवरीचा फोटो काढतात तसे दोन्ही बाजूंनी दिवे लावले. "हलू नका," म्हणाला. सवयीने!

तिसऱ्या दिवशी फोटो आला. सातही तुकडे अगदी सारखे करडे.

सर खचले. स्टुडिओवाला मात्र खूश. "अल्लवा, हो की नाही! बघा, सातही बरोबर आले! आता कुठलाही घ्या."

शेवटी हे सगळं डेव्हिडला सांगितलं. त्याने शांतपणे पाकीट काढलं आणि त्यातून नखाएवढा जुन्या कापडाचा तुकडा काढून टेबलावर ठेवला. खऱ्या कोटाचा. पहिल्या दिवसापासून त्याच्या खिशात होता!

"आधी का नाही दिला?" पांडू ओरडला.

सरांनी विचारून सांगितलं, "म्हणतो, तुम्ही फोटोवरूनच करणार म्हणालात. मला वाटलं, ही तुमची पद्धत असेल."

०००

एक फोटो फारच स्वच्छ होता. तीन शिपाई एका दुकानापुढे उभे. समोरची पट्टी कशी बसते ते त्यातच नीट दिसत होतं. पांडूने बघितलं आणि दचकला.

"भाऊजी, ही पट्टी बायकांच्या बाजूची आहे!"

खरंच. पुरुषाच्या कपड्यात डावी बाजू वर येते. या तिघांची उजवी वर.

सर म्हणाले, "त्यात काय! देशोदेशीची रीत. तिकडे गाड्यासुद्धा रस्त्याच्या उजवीकडून चालतात."

आता गाड्यांचं काढल्यावर मलाही पटलं. दुसरा नमुना उजवी बाजू वर घेऊन शिवला. डेव्हिडने घातला. चेन लावायला हात छातीकडे गेला आणि भलतीकडेच पडला. पुन्हा गेला, पुन्हा पडला. कुणी बघितलं असतं तर म्हणालं असतं, याच्या अंगावर मुंग्या सोडल्या आहेत.

मी फोटो घेऊन बसलो. इंग्रजी मला येत नाही, पण घड्याळ कळतं. तिघांच्याही उजव्या मनगटावर घड्याळ. तिघंही डावखुरे? आणि मागे दुकानाची पाटी, अर्धी झाडामागे, अंधुक.

"सर, ही पाटी कुठल्या भाषेतली?"

सरांनी भिंग लावलं. "फ्रेंच असावी. लढाई तिकडेच झाली ना."

"वाचता येते?"

"थोडी थोडी. अवघड भाषा आहे."

डेव्हिडने फोटो घेतला, आमच्या ट्रायलच्या आरशापुढे धरला. आरशात घड्याळं डाव्या हाताला गेली, पट्ट्या पुरुषांच्या झाल्या आणि पाटी सरळ इंग्रजी झाली! फोटो छापणाऱ्याने निगेटिव्हच उलटी धरली होती.

सर आरशाकडे बघत म्हणाले, "तरीच. व्याकरण मला जरा खटकत होतं."

०००

खरा कोट तयार झाला. मी इस्त्री केली. तीन वेळा केली. डेव्हिडने हातात घेतला आणि त्याचा चेहरा पडला. फोटोतले सगळे कोट चुरगळलेले, मळलेले, कोपरावर विटलेले. हा तर लग्नातला! गेटवरचा माणूस लांबूनच ओळखेल.

पांडूचा जावई बेळगोळच्या एका कारखान्यात कामाला. ठरलं, आठ दिवस त्याने कोट घालून कामावर जायचं. जावईबापू खुशीत गेले. तेल, धूळ, सायकल, सगळं अंगावर घेतलं. सातव्या दिवशी पांडू बघून आला. "भाऊजी, एक नंबर! खड्ड्यातून निघाल्यासारखा दिसतो!"

आठव्या दिवशी कोट परत आला. धुतलेला. तांदळाच्या पेजेची खळ घातलेला. इस्त्री अशी कडक, की घडीवर काकडी कापावी.

पांडूच्या मुलीने पाठवला होता. निरोपही होता: "मामांच्या गिऱ्हाइकाचा कोट मळका परत दिला तर लोक काय म्हणतील? डाग निघेना, तीन दगड बदलले."

आमच्याच घरची शिकवण!

डेव्हिडला निघायला चार दिवस उरले होते. मी दाराशी फरशीवर कोट टाकला आणि त्यावर चढलो. जन्मभर कापडावर पाय पडला तर नमस्कार करणारा मी. पहिल्यांदा कोटाला नमस्कार केला, मग तुडवायला लागलो.

दाराशेजारी फुलं विकणारी आमची शेजारीण शारदम्मा. तीस वर्षं आमच्या शेजारी बसून मराठी बोलायला शिकली. तिने गजरा करता करता बघितलं.

"अय्यो, मामा! गिऱ्हाइकाशी भांडण झालं काय?"

०००

डेव्हिड गेला. जाताना सगळ्यांना नमस्कार केला. म्हणाला, गेटवर काय झालं ते लगेच कळवीन. सरांनी त्याला सांगितलं, जुने फोटो आणखी मिळाले तर तेही पाठव. सरांना त्याचा नादच लागला होता.

त्याप्रमाणे दोन पाकिटं आली. दोन्हींत लढाईतले जुने फोटो, मागे बारीक अक्षरात माहिती. सर खूश. मग उन्हाळा आला. तिकडची खोटी लढाई होऊन गेली असणार. आम्ही रोज पोस्टमनकडे बघत होतो. मला रात्री नीट जेवण जाईना. नाव कायमचं काढलं तर? आपण 'होईल' म्हणालो होतो.

एका सकाळी तिसरं पाकीट आलं. सरांनी फोडलं. आत एकच फोटो. काळा-पांढरा, कडा पिवळसर. चार शिपाई जीपला टेकून उभे, डोक्यावर लोखंडी टोपी. पाकीट उलटं करून झटकलं. पत्र नाही. फोटोच्या मागेही कोरं.

"पुन्हा लढाईतलाच फोटो," सर म्हणाले. "निकालाचं अक्षरसुद्धा नाही."

पांडू म्हणाला, "परत पाठवला असणार बिचाऱ्याला. लाजेने लिहीत नाही."

मग आला आहेच फोटो, म्हणून सवयीने भिंग काढलं.

सर डावीकडून दुसऱ्या शिपायावर थांबले. "मामा, इकडे या. हा बघा खरा माल! कॉलर कशी बसली आहे! आपल्या कोटात हे नव्हतं."

पांडूने भिंग ओढलं. "खिशाचा तिरकेपणा बघा, भाऊजी. किती डौलदार! आपला जरा ओबडधोबडच झाला होता. मी तेव्हाच म्हणत होतो."

"कधी म्हणत होतास?"

"मनात."

मग मी घेतलं. खूप वेळ बघत बसलो. खांद्याचा उतार, बाहीचा घेर, कोपराजवळची चुणी. शिवण अशी सरळ, की दृष्ट लागावी. मनात आलं, कोण कुठला अमेरिकन शिंपी, लढाईच्या धामधुमीत बसून एवढं सफाईने शिवतो, आणि आपल्याला दोन महिने निवांत मिळूनही जमलं नाही. डेव्हिडचा कोट असा बसला असता तर गेटवरच्या माणसाने वाट सोडली असती.

"सर, हा फोटो दुकानात लावू," मी म्हणालो. "आपल्याला काय यायला हवं होतं, ते रोज डोळ्यांपुढे राहील."

"विठोबाच्या तसबिरीखाली लावू," सर म्हणाले. "आणि मामा, बाहीचा घेर मोजून ठेवा."

मी टेप काढली. पांडूने वही उघडली. तेवढ्यात शारदम्मा तसबिरीचा हार घेऊन आत आली. आम्ही तिघं फोटोवर वाकलेलो बघून तीही वाकली. तिला ना कॉलर कळते, ना खिसा. तिने एकदा फोटोकडे बघितलं, एकदा आमच्याकडे बघितलं, आणि म्हणाली,

"सकाळपासून भिंग लावून बसलात, पण त्याचं तोंड बघितलंत का कुणी? हा तर आपला डेव्हिड!"